दुसऱ्याचं तोंड

मिनलने पिशवी उलटी केली आणि माझ्या वाचायच्या टेबलावर काळ्या नळ्यांचा गुंता पडला. खाली पुस्तक उघडं होतं. मी ते हळूच ओढून काढलं.

"मामा, याच्या सगळ्या नळ्या बदलायच्या आहेत. नव्या आल्या कुरिअरनं. तुम्हीच करा."

"मी? तूच काहून नाही करत?"

"मले घाई होते. तुम्ही पुस्तक वाचून वाचून करता. रविवारी उतरायचं आहे, नरखेडकडं. रुपराव म्हणून आहेत, त्यांच्या विहिरीत मोटर पडली."

मिनल माझी भाची, यमुताईची धाकटी. विहिरींत पडलेले पंप आणि मोटारी वर काढायचं काम करते. कधी पोलिसांचा फोन आला तर तलावात बुडालेलं माणूसही काढते. हे काम करणारी दुसरी बाई निदान मला तरी नागपुरात माहीत नाही. या कामावरून यमुताईने तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता, तेव्हा ती माझ्याकडे इंदोऱ्याला येऊन राहिली. तेव्हापासून तिचं सामान माझ्या घरी असतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. घरात जागा पुष्कळ आहे.

टेबलावर पडलं होतं ते पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, रेग्युलेटर. सिलिंडरवर बसणारा एक पितळी ठोकळा आणि त्यातून निघालेल्या चार नळ्या. एकीच्या टोकाला दातांत धरायचं काळं तोंड. दुसरीच्या टोकाला तसंच, पण पिवळं. तिसरी जाकिटात हवा भरायला, आणि चौथीला किती हवा उरली ते दाखवणारा काटा. पिवळं तोंड जादा असतं. सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायचं. चंद्रभान त्याला 'दुसऱ्याचं तोंड' म्हणायचा.

यंत्र त्याचंच होतं.

चंद्रभान मिनलचा उस्ताद. धरणांच्या कामावर पाणबुड्या म्हणून आयुष्य काढलेला माणूस. हे जुनं यंत्र विकत घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते समजून घ्यायला तो माझ्याकडे यायचा. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगायचो, तो खिडकीपाशी खुर्ची ओढून डोळे मिटून ऐकायचा. मिनलचा मामा म्हणून तोही मला मामाच म्हणायचा, वयाने बरोबरीचा असून. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा खाऊन त्याचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नसे. त्यामुळे रबराचं तोंड त्याला दातांत नीट धरता येत नव्हतं. तो ब्लेडने त्याच्या कडा छाटून टाकायचा आणि पुढच्या दातांनी नुसती कड चावून धरायचा.

"चणे नाही खाता येत मले मामा," तो म्हणायचा, "पण हवा खाता येते. झालं ना काम?"

मी थांबलो की डोळे न उघडता म्हणायचा, "पुढं."

मागच्या हिवाळ्यात उमरेडकडच्या एका सोडून दिलेल्या, पाणी भरलेल्या खाणीत तो उतरला आणि वर आला नाही. काळ्या तोंडाची नळी पितळी टोकापाशी फाटली होती. तिथे नळीवर संरक्षणाला रबराची एक बाही असते. बाही वरून नवी दिसत होती, आत नळी कुजली होती. फाटली तशी सगळी हवा क्षणात निघून गेली. त्याला बाहेर काढलं तेव्हा पिवळं तोंड त्याच्या मुठीत होतं. मूठ सोडवायला दोन माणसं लागली, असं मिनल एकदा म्हणाली. पुन्हा त्यावर बोलली नाही.

त्याच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, यंत्र मिनलला देऊन टाकलं. "घेऊन जाय वं पोरी," त्या म्हणाल्या होत्या, "घरात ठेवलं तर मले झोप नाही लागत." त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. नवऱ्याची वस्तू डोळ्यांसमोर नको वाटते. माझी बायको सरिता गेल्यावर तिचा चष्मा मीही कपाटात ठेवून दिला होता.

पितळी भाग मिनलने पुण्याला पाठवून तपासून आणले होते. ते ठणठणीत होते. फक्त नळ्या बदलायच्या राहिल्या होत्या, आणि त्या आता माझ्या टेबलावर होत्या.

मी ते काम दोन दुपारी केलं. सदरमध्ये तीन दुकानं फिरून सिलिकॉनचं ग्रीस आणलं. टेबलावर पांढरा पंचा अंथरला, म्हणजे बारीक रबरी कडी पडली तर दिसावी. जुन्या नळ्या एकेक करून सोडवल्या. ठोकळ्याकडचं टोक एका पान्याने सुटतं, तोंडाकडच्या टोकाला दोन पाने लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. नवी नळी आधी बोटांनी घट्ट होईल तेवढी फिरवायची, मग पान्याने थोडीशीच. जास्त आवळलं तर कडी चेपते, कमी आवळलं तर सैल राहते. पुस्तकात लिहिलं होतं, 'हलक्या हाताने'. हलका म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं. मी आवळायचो, पुन्हा सैल करायचो, पुन्हा आवळायचो. ज्याने आयुष्यभर कार्डं वर्णानुक्रमे लावली, त्याने कुणाच्या श्वासाची नळी बसवावी का, हा विचार हातातून जात नव्हता.

शेवटी दोन्ही तोंडांचं जुनं रबर काढलं. छाटलेलं, तपकिरी पडलेलं. त्याला अजून चुन्याचा वास होता. नवं कोरं रबर चढवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलं. नव्या नळ्यांवर मी बाही घातली नाही. नळी उघडी दिसलेली बरी.

मग तपासणी. ठोकळा सिलिंडरवर बसवला, काट्याची काच, फुटलीच तर अंगावर नको म्हणून, भिंतीकडे केली, सावकाश व्हॉल्व्ह उघडला. नळ्या ताठ झाल्या. न्हाणीतल्या टबात सगळं बुडवून पाहिलं. कुठे एक बुडबुडा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी टेबलाशी येऊन काळं तोंड स्वतःच्या दातांत धरलं आणि श्वास घेतला. सर्रर्र करून हवा आली. सोडला, तर बाजूच्या झडपेतून फुर्र करून गेली. कोरडी, बेचव हवा. चार-पाच श्वास घेऊन मी थांबलो.

पंचावर पडलेल्या पिवळ्या तोंडाने श्वास घेतला.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. कूलर मी तपासणीसाठी बंद केला होता, म्हणून ऐकू आलं. पिवळ्या झाकणाला फटी आहेत, आतला रबराचा पडदा त्यांतून दिसतो. तो आत ओढला गेला. एक आखूड सर्र. मग बराच वेळ काही नाही. मग एक लांब सर्र.

पुस्तकात याला कारण दिलेलं आहे. ठोकळ्यातला दाब हळूहळू चढत गेला तर जादा तोंडातून मधूनमधून हवा सुटते. मी ते पान काढलं, वाचलं. बरोबर होतं. म्हणजे ठोकळा सदोष, किंवा मी काहीतरी चुकलो. माझं मन दुसऱ्या शक्यतेकडे लगेच गेलं.

पण मग झडप फुरफुरली. श्वास सोडल्यावर फुरफुरते तशी.

गळणारं यंत्र हवा बाहेर टाकतं. ते श्वास सोडत नाही. श्वास सोडायला आधी तो कुठेतरी भरून ठेवावा लागतो.

आमच्या घरात आत्मा मानत नाहीत. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि पिंड, श्राद्ध, अंगात येणं, सगळं उंबऱ्याबाहेर राहिलं. मी याच घरात वाढलो, अशा गोष्टींवर हसत आलो. त्यामुळे मी जे ऐकत होतो त्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता: गळती. मी व्हॉल्व्ह बंद केला. आता नळ्यांत अडकलेली हवा तेवढी उरली, आणि काटा जागच्या जागी राहायला हवा होता. तो उतरू लागला. सरकत नव्हे, पायऱ्यांनी. एक सर्र, एक पायरी. मग लांबलेली शांतता, आणि पुढची पायरी. शून्यावर आला तेव्हा पडदा आत ओढला जाऊन तसाच राहिला, चिकटल्यासारखा. मी झाकणावरची कळ दाबली तेव्हा कुठे सुटला.

संध्याकाळी मिनल आली.

"काटा उतरत होता," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

तिने पुन्हा सगळं जोडलं, व्हॉल्व्ह उघडला, बंद केला. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. चहा झाला. काटा हलला नाही.

"मामा, बराबर आहे की. कुठं उतरून राहिला?"

"दुपारी उतरला होता."

"दुपारी तुमचा डोळा लागला असन. या गरमीत कोणाचा नाही लागत?"

"मिनल, दुसरीकडून कोणाचं यंत्र मिळते का पाह्य. रविवारपुरतं."

"कुठून आणू? अन् रुपरावची मोसंबी वाळून राहिली तिकडं. टँकर कितीक दिवस पुरन? त्यानं आधी दोन माणसं बोलावले, दोघं नाही म्हणाले, म्हणून माह्याकडं आला. बाई म्हणून नाक मुरडतच आला. आता मीही नाही म्हणू?" मग माझा चेहरा बघून ती नरमली. "तुम्ही बसवलं ना? मंग माहा भरोसा आहे."

मला तोच नको होता.

"मी येतो रविवारी," मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही? लग्नाचं बोलावणं आलं तर ताप काढता तुम्ही!"

रुपरावांनी पिकअप पाठवली होती. मोसंबीच्या बागेतली झाडं खरोखरच मलूल होती, पानं आत वळलेली. विहीर दगडी बांधणीची, रुंद आणि खोल. पाणी पार खाली, हिरवट काळं. एका बाजूने जुन्या पंपाचा लोखंडी पाइप काठापासून पाण्यात उतरला होता. नवी मोटर प्लॅस्टिकच्या पाइपावर होती, तो तुटून ती तळाला गेली होती.

रुपराव पन्नाशीचे, डोक्याला दुपट्टा बांधलेले. गड्यांबरोबर दोर घेऊन उभे होते.

"हे साहेब कोण?"

"मामा आहेत माहे. सगळ्या नळ्या यांनीच बसवल्या."

"अस्सं." त्यांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "मंग मामालेच उतरवा ना वं ताई. पोरगी विहिरीत अन् मामा काठावर, हे काही बरं दिसत नाही."

गडी हसले. मी पण हसलो, दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून.

मिनलने अंगावर सामान चढवलं. मग तिने पान्याने लोखंडी पाइपावर एकदा ठोकून पाहिलं. आवाज पाण्यात उतरत गेला. ही चंद्रभानने लावलेली पद्धत. विहिरीत हाक ऐकू येत नाही, पण पाइपावरचा ठोका तळापर्यंत जातो. तीन ठोके म्हणजे हातातलं असेल ते सोडून वर ये.

"मामा, तुम्ही पाइपापाशी बसा. पण उगाच ठोकू नका हं. तीन ऐकले की मी दोर सोडून देते. मोटर गाळात रुतली तर पुन्हा सापडत नाही, अन् मंग हे मले इथं उभं नाही करत." तिने रुपरावांकडे मान हलवली.

ती लोखंडी पायऱ्यांनी उतरली आणि पाण्याखाली गेली.

मी पाइपाजवळ उकिडवा बसलो. पाना हातात होता, उन्हाने तापलेला. खाली पाण्यावर बुडबुड्यांचा एक झुबका आला, फुटला. थोड्या वेळाने दुसरा. एक झुबका म्हणजे मिनलचा एक श्वास. मी त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागलो, नकळत.

"दिसून राहिली का?" रुपरावांनी विचारलं.

"बुडबुडे येताहेत."

"मंग जित्ती आहे. बसा आरामात."

दोराला हिसका आला. तिला मोटर सापडली होती. तिच्या हालचालीने तळाचा गाळ उठला असावा, पाणी ढवळून मातकट होत चाललं होतं. त्या मातकट पाण्यात मला ते दिसलं. झुबका आला, फुटला. आणि मध्ये, मिनलच्या दोन श्वासांच्या मध्ये, हातभर अंतरावर, एक लहान झुबका आला.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

मोठा. मग शांतता. मग लहान. लहानाचा क्रम वेगळा होता. एक आखूड, मग बराच वेळ काही नाही, मग एक लांबलेला.

"रुपरावजी, तुम्हाले दोन जागी बुडबुडे दिसते का?"

ते वाकले. "विहीर आहे साहेब. झरा फुटला असन, हवा सुटत असन." मग सरळ उभे राहून दोर हातात खेळवत म्हणाले, "घाबरू नका. पोरगी तुमच्यापेक्षा धीराची आहे."

ते खरंच होतं. मी स्वतःला सांगू लागलो. झरा असेल. गळती असेल तर ती सारखी यायला हवी, थांबून थांबून नाही. थांबून येणाऱ्या हवेचं स्पष्टीकरण पुस्तकात आहे. माझे डोळे मोतीबिंदूचे. मी म्हातारा आहे, काल नीट झोपलो नाही. मी ठोकलं आणि काही नसलं तर मोटर गाळात जाईल, हे लोक हसतील, माझ्यावर नाही, तिच्यावर हसतील. दुसऱ्या गावातही सांगतील, तिचा मामा भेदरला आणि तिला वर ओढलं. माझ्या आयुष्यात मी कधी कुणाला थांबवलेलं नाही. बसमध्ये उतरायचं ठिकाण गेलं तरी मी पुढच्या थांब्यापर्यंत गप्प बसतो.

लहान झुबका आला. आता तो मोठ्याच्या अगदी जवळ होता. आणि मला काटा आठवला. एक सर्र, एक पायरी. मिनलचा काटा या गाळात तिला दिसत असेल का?

मोठे झुबके लवकर लवकर येऊ लागले होते. लहान मात्र सावकाश, तसाच, घाई नसलेला. तो क्रम मला माहीत होता. कितीतरी संध्याकाळी खिडकीपाशी डोळे मिटून बसलेल्या माणसाचा तो श्वास मी वाचता वाचता ऐकलेला होता.

मी पाइपावर ठोकलं. एक, दोन, तीन. हाताला झिणझिण्या आल्या.

"अहो, अहो!" रुपराव ओरडले. "आता तर बांधून राहिली ती! काय झालं गा तुम्हाले?"

दोर सैल पडला. कोणीतरी शिवी हासडली. मी पाण्याकडे पाहत होतो. मोठे झुबके जागा सोडून पायऱ्यांकडे सरकू लागले, वर येऊ लागले. लहान झुबका तिच्यामागे आला नाही. तो तिथेच, विहिरीच्या मध्यावर, आणखी एकदा आला. मग आला नाही.

मिनलचं डोकं बाहेर आलं. तिने तोंडातलं काढून फेकलं आणि तोंड उघडून हवा ओढली, पुन्हा ओढली. पायरीला धरून ती धापा टाकत राहिली. वर आणली तेव्हा तिचे ओठ काळसर झाले होते.

"हवा संपली होती, मामा." ती विहिरीच्या काठाला टेकून बसली. "येता येता शेवटचा घोट आला नाही. गाळात काटा दिसतच नव्हता. तुम्ही नसतं ठोकलं तर अजून बांधत बसली असती मी."

"भरून नव्हतं आणलं का सिलिंडर?" रुपरावांचा आवाज उतरला होता.

"फुल होतं. तुमच्या समोर दाखवलं ना काटा." ती माझ्याकडे वळली. "अर्धंही नाही संपायले पाहिजे होतं, मामा. दोघांनी ओढावी तशी ओढली गेली."

तिने सोबतचं दुसरं सिलिंडर लावलं आणि ठोकळा, नळ्या, तोंडं, सगळं एका बादलीत बुडवलं. एक बुडबुडा आला नाही. मी बसवलेली प्रत्येक जोडणी घट्ट होती. मला वाटलं होतं, तसं निघालं तर मला हायसं वाटेल.

मग मिनलने जाकिटाला अडकवलेलं पिवळं तोंड सोडवलं. उतरताना तिने ते वापरलेलं नव्हतं, हातही लावला नव्हता. तिने ते उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पाहिलं. मी स्वतः चढवलेलं कोरं रबर. आतल्या बाजूचे, दाढांखाली धरायचे भाग जसेच्या तसे होते. पण पुढची कड चावलेली होती. पुढच्या दातांनी, एकाच जागी, खोलवर. तोंड दोन बोटांच्या वर न उघडणारा माणूस चावून धरेल तसं.

रुपराव डोकावले. "काय झालं?"

"काही नाही," मिनल म्हणाली. तिने अंगठा त्या खुणेवरून फिरवला. मग माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात, "मले वाटलं दोर घासून राहिला खांद्याले. सारखं, इथं." तिने डाव्या खांद्याला हात लावला. डाव्या खांद्यावरून कुणी आलं की पिवळ्या तोंडापर्यंत हात पोहोचतो.

"घरी चल," मी म्हणालो.

"मोटर अर्धी बांधलेली आहे. दोर तिथंच आहे, सापडन. हे झाडं पाहा ना मामा." तिने यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "हे पिवळं काढून द्या. ठोकळ्याले बूच लावा. उस्ताद म्हणायचे, दुसऱ्याचं तोंड सोबत असलं तर दुसऱ्याले द्याच लागते. सोबत नेलंच नाही, तर?"

पुस्तकात जाड अक्षरात लिहिलं आहे, जादा तोंडाशिवाय पाण्यात उतरू नये. ते वाक्य मीच चंद्रभानला वाचून दाखवलं होतं, आणि त्याने मान डोलावली होती. मी पाना घेतला. पिवळ्याची नळी ठोकळ्यापासून सोडवली, नळ्यांबरोबर आलेल्या पुडीतलं बूच ग्रीस लावून फिरवलं, हलक्या हाताने. या वेळी किती हलकं, ते मला कळलं.

ती पुन्हा उतरली. मी पाना घेऊन पाइपापाशी बसलो, पण ठोकावं लागलं नाही. बुडबुडे एकाच जागी आले. एक झुबका, मग शांतता. त्या शांततेत दुसरं काही आलं नाही. मोटर बांधून वर आली तेव्हा गड्यांनी ओरडा केला. मिनलच्या काट्यावर अर्ध्याहून अधिक हवा शिल्लक होती. रुपरावांनी तिला सरबत आणून दिलं आणि मला खुर्ची. माझ्याशी मात्र ते पुन्हा थट्टेने बोलले नाहीत.

परतताना पिवळी नळी माझ्या मांडीवर होती, पंचात गुंडाळलेली. काटोल गेल्यावर मिनलने विचारलं, "हे काय करायचं, मामा? पार्वतीबाईले परत द्यायचं?"

"त्यांना झोप लागायची नाही," मी म्हणालो.

"मंग फेकून द्या कुठं तलावात."

"पाण्यात नको."

पंचाचं सुटलेलं टोक तिने आत खोचलं. "हो," म्हणाली, "पाण्यात नको."

तिने नवं यंत्र घेतलं आहे, पूर्ण नवं, जादा तोंडासकट. त्याची तपासणी मीच करतो. ते शांत आहे. गळत नाही, काही नाही.

पिवळं तोंड माझ्या खोलीत आहे, खिडकीशेजारच्या खिळ्याला. त्याची नळी कशालाच जोडलेली नाही, दुसरं टोक नुसतं लोंबतं. आल्यागेल्याने विचारलं तर मिनलचं जुनं सामान म्हणून सांगतो. संध्याकाळी कूलर बंद केला की ऐकू येतं. फटींतून पडदा आत ओढला जातो. एक आखूड सर्र, बराच वेळ काही नाही, मग एक लांब. खोलीत हवा भरपूर आहे. ती कुणाच्या वाट्याची नाही.

सुरुवातीला मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. मग एके दिवशी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि चंद्रभानचं ते इंग्रजी पुस्तक मराठीत वाचू लागलो, जिथे सोडलं होतं तिथून. वाचत असतो तोवर श्वास संथ चालतो. मी थांबलो की तो थांबतो. पडदा आत ओढलेला, तसाच. मी पान उलटून पुढचं वाक्य म्हणेपर्यंत तो सुटत नाही.

पुस्तक संपत आलं आहे. संपलं की दुसरं काढीन, माझ्याकडे कमी नाहीत. अलीकडे मोठ्याने वाचताना मला दम लागतो. डॉक्टर म्हणतात वय झालं, छातीत काही नाही. मिनल म्हणते, कशाले एवढं वाचता. खिडकी मी उघडीच ठेवतो, पावसाची झड आत आली तरी.